बसवंतअण्णांचं नाक

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात आखडतो. बसवंतअण्णा अजून आहेत, मागच्याच महिन्यात दिसले, त्यामुळे माझी ती अडचण नाही. मला हा माणूस आवडला नाही. एकत्र काम करताना आवडला नाही आणि आज आठवतानाही आवडत नाही. तरी कुठे चादर झटकल्याचा आवाज आला की माझी मान आपोआप वळते आणि डोळ्यांपुढे तेच उभे राहतात. पांढरा सदरा, कपाळाला विभूतीची तीन बोटं, कानात अत्तराचा फाया, आणि या सगळ्याच्या मधोमध ते नाक. लांब, सरळ, शेंड्याला किंचित लाल. त्या नाकाचा त्यांना भारी अभिमान होता.

आम्ही दोघं सोलापुरात एका चादरीच्या दुकानात कामाला होतो. आजूबाजूच्या दुकानांत काचेची टेबलं आली, पण आमच्या मालकांनी जुनी गादी ठेवली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी खोळ घातलेली गादी, मागे लोड, गिऱ्हाईक चप्पल काढून वर बसणार आणि समोर विकणारा उभा राहणार. अण्णा तिथे तीस-एक वर्षं उभे होते. घडी केलेली चादर ते दोन कोपऱ्यांना धरायचे, मनगटं एकदाच वर उचलायचे आणि फट्ट असा आवाज होऊन अख्खी चादर हवेत उघडायची. मग ती सावकाश खाली यायची आणि नक्षीतला मोर बरोबर गिऱ्हाइकाच्या मांडीसमोर येऊन बसायचा. हे काम देखणं होतं. ज्याचं जे आहे ते मी नाकारणार नाही. बाहेरगावची माणसं नुसती ती झटक बघायला वर चढायची आणि चादर घेऊन उतरायची.

त्या झटक्यातून सुताचं जे बारीक तूस उडायचं ते मात्र कोणी बघत नव्हतं. दुपारचं ऊन दारातून आडवं आलं की ते तूस हवेत तरंगताना दिसायचं. ते माझ्या नाकात जायचं.

मी मूळची मंगळवेढ्याची. लहानपणी ज्वारीची मळणी सुरू झाली की माझे डोळे लाल व्हायचे, नाक पाण्यासारखं वाहायचं आणि शिंका सुरू झाल्या की थांबायचं नाव नाही. आई म्हणायची, "हिला बारमाही सर्दी हाय." लग्न होऊन सोलापुरात आले, सर्दी माझ्याबरोबर आली. दुकानात मी आधी दाराजवळ टॉवेल-नॅपकिन विकायची. कोरोनानंतर गादीवरची दोन माणसं पुण्याला निघून गेली आणि मालक म्हणाले, "सुनंदा, तू वर ये. बायाबापड्यांना तुझ्याशी बोलायला बरं वाटतं." त्या गादीवर त्याआधी बाईमाणूस कधी उभं राहिलं नव्हतं. मला आनंद झाला, आणि मी तो लपवला नाही. माणसांशी बोलायला, त्यांच्या मनातला रंग ओळखायला मला मनापासून आवडतं. टॉवेल काय, माणूस भाव विचारून उचलून नेतो. चादर घ्यायला आलेला माणूस आधी घरातल्या लग्नाचं बोलतो. मला ती जागा हवी होती आणि मिळाल्यावर ती टिकवायची होती.

अण्णांनी पहिल्याच दिवशी मला बसवून उपदेश केला. "हितं शिंकायचं न्हाय. गिऱ्हाईक घ्यायला लागलं आन् शिंक झाली, तर त्ये उठून जातंय. नाक मनाच्या ताब्यात असतंय. मन घट्ट तर नाक घट्ट. माझ्याकडं बघ. तीस वर्सं ह्या तुसात हाय, कधी शिंकलोय का मी?"

खरंच, त्यांना शिंकताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांचा दिवस उदबत्तीने सुरू व्हायचा. एक-दोन काड्यांवर भागत नसे, अख्खा जुडगा पेटवून ते गल्ल्यापासून गोदामापर्यंत धूर फिरवायचे. अत्तर असं लावायचे की त्यांच्या हातून गेलेल्या चादरीला घरी गेल्यावरही वास येत असणार. मी म्हणायची, "अण्णा, जरा कमी लावा, डोकं चढतं." ते म्हणायचे, "वास तरी येतोय व्हय ह्येला? पयल्यासारखं अत्तर मिळतंय कुटं आता." आणि आणखी एक बोट लावायचे. दिवसातून कितीदा तरी पान थुंकून येतो म्हणत मागच्या पडद्याआड जायचे.

जेवणाचंही तेच. डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी, त्याबरोबर कच्च्या मिरच्या, कच्चा कांदा, तरी तक्रार. "आमच्या हिच्या हाताला चवच न्हाय. भुस्सा खाल्ल्यागत लागतंय." हे ते रोज, सगळ्यांसमोर म्हणायचे. एकदा त्यांनी डबा तसाच घरी पाठवला. तासाभराने त्यांची बायको गंगूबाई दुसरी चटणी घेऊन दुकानाच्या पायरीशी आली. डोक्यावरून पदर, हातात स्टीलची डबी, वर यायची हिंमत नाही. अण्णांनी गादीवरूनच हात लांब करून डबी घेतली, चिमूटभर जिभेवर टाकली आणि गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाले, "पुन्ना भुस्साच." माणसं हसली. बाई मान खाली घालून गेली. ती डबी नंतर मी उघडली. लसणाच्या वासानेच तोंडाला पाणी सुटलं, आणि एका घासात माझ्या कानांतून धूर निघाला. त्या दिवसापासून अण्णा हे माझ्यासाठी नुसतं नाव उरलं, त्यातला मान गेला.

आता मैंदर्गीच्या आजीबाईंचं सांगते. नातीच्या रुखवतात ठेवायला चादरी हव्या होत्या. आजी, त्यांचा मुलगा आणि सून. मी त्यांच्याजवळ बसून एकेक चादर गादीवर हाताने उलगडून दाखवत होते. आजी मराठी बोलता बोलता सुनेशी कानडीत वळायच्या, परत माझ्याकडे यायच्या. मोराच्या चादरीवर त्यांचा हात थांबला. मी मनात म्हटलं, जमलं. तेवढ्यात अण्णा न बोलावता आले. "अशी दाखवत्यात व्हय चादर? सर." त्यांनी ती माझ्या हातून घेतली आणि माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर झटकली. आजी म्हणाल्या, "हीच बांद यव्वा," आणि त्याच क्षणी मी शिंकले.

अण्णांनी चादर खाली सोडली. "झालं. शुभकार्याची खरेदी आन् शिंक."

"शिंकंना का," आजी म्हणाल्या. "माणूस हाय, शिंकणारच की. आमी न्हाय मानत तसलं."

तिथे विषय संपला असता. पण अण्णांनी तो संपू दिला नाही. मुलाकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "तुमी न्हाय मानत वो. पर पोरीच्या सासरची मानत असतील तर? उद्या काय झालं-गेलं तर नाव कुणाचं? बसा जरा. पाणी प्या. मग काय त्ये ठरवा." मुलाचा चेहरा उतरला. पाणी पिऊन झालं, तो म्हणाला, "जरा फिरून येतो." ती माणसं परत आली नाहीत. जाताना आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तो मला आजही आठवतो.

मालकांनी विचारलं, गिऱ्हाईक का गेलं? अण्णा म्हणाले, "मी कशाला सांगू, तिलाच विचारा की."

आमचे मालक मऊ माणूस. मऊ माणसं ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे झुकतात. मला म्हणाले, "आठवडाभर आत गोदामात बस. सर्दी गेली की ये परत वर." आता बारमाही सर्दी आठवड्यात कशी जाणार? आणि गोदाम म्हणजे काय, तर खालपासून छतापर्यंत चादरींचे गठ्ठे, खिडकी नाही, कोरड्या झाडूने झाडलेली फरशी आणि त्यावर परत बसलेली धूळ. जिथे मला सर्वांत जास्त त्रास होईल तिथे मला बरं व्हायला पाठवलं होतं. अण्णांना ते नीट ठाऊक होतं, असं माझं मत आहे. महिनाभरात माझे डोळे सुजले, नाक दोन्हीकडून बंद झालं, तोंड उघडं टाकून झोपायची वेळ आली.

शेवटी नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. मॅडमनी आधी विचारलं, ताप येतो? नाही. शेंबूड घट्ट असतो की पाण्यासारखा? पाण्यासारखा. नाकात, डोळ्यांत, टाळूला खाज सुटते? सुटते. सकाळी उठल्या उठल्या जास्त? हो. मग त्या म्हणाल्या, "ही सर्दी नाहीच. सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. ही अॅलर्जी आहे. धुळीला, तुसाला, घरातल्या गादी-उशीतल्या बारीक किड्यांना तुमचं नाक शत्रू समजतं आणि लढत बसतं. ती मुळापासून जाईल असं सांगत नाही, पण आटोक्यात नक्की राहते." मला तिथेच रडू आलं. जन्मभर ज्याला मी माझा नाजूकपणा समजत होते त्याला नाव होतं, आणि त्यावर करण्यासारखं काहीतरी होतं.

त्यांनी नाकात मारायचा स्प्रे दिला आणि मारायचा कसा ते करून दाखवलं. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, बाटलीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, आणि मारल्यावर जोरात आत ओढायचं नाही. रोज मारायचा, दोन-तीन आठवडे धीर धरायचा, दोन दिवसांत गुण नाही म्हणून सोडायचा नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं. उशीचे अभ्रे गरम पाण्यात. कोरडा झाडू बंद, ओलं फडकं. कामावर मास्क. आणि एक ताकीद दिली. "नाक झटकन मोकळं करणारे थेंब मेडिकलमधून आणून टाकत राहू नका. तीन-चार दिवसांच्या वर गेलं की नाकाला त्यांचीच सवय लागते. थेंब टाकला नाही की नाक आणखी घट्ट बंद. मग माणूस बाटली सोडू शकत नाही."

मी सगळं केलं. गोदाम ओल्या फडक्याने पुसायला लागले. मालकांना विचारलं, चादर झटकण्याऐवजी गादीवर उलगडून दाखवली तर नाही का चालणार? अण्णांनी ते ऐकलं. "झटकल्याबिगर चादर इकायची? मग गोधडी काय वाईट हाय." माझा स्प्रे त्यांनी माझ्या पिशवीतून काढला आणि गिऱ्हाइकांसमोर धरला. "ह्ये बघा. नाकात फवारा मारत्या ही बाई. नाक म्हंजे काय डाळिंबाची बाग हाय व्हय?" दुकान हसलं. मालकही हसले. त्या दिवसापासून माझं नाव फवारा पडलं. "ए फवारा, चार मोर दे बाहीर."

एकटे शब्बीरभाई हसले नाहीत. ते चादरी पिशव्यांत भरायचे आणि बोलायचे फार कमी. मी परत आत आले तेव्हा पिशवीकडे बघतच म्हणाले, "बहेन, अण्णा दिनभर पडदे के पीछे जाते ना, वो पान थूकने नै जाते." मी विचारलं, मग कशाला जातात? त्यांनी पुढची पिशवी उघडली.

महिन्याभरात मला फरक पडला. सकाळच्या शिंका गेल्या, झोप लागायला लागली, फोडणीचा वास यायला लागला. मी मालकांपुढे उभी राहिले आणि म्हटलं, मला वर घ्या. ते म्हणाले, "गड्ड्याची गर्दी येतेय. त्या दिवसांत उभी राहा. शिंकली नाहीस तर जागा तुझी."

संक्रांतीच्या सुमाराला गड्डा, म्हणजे आमची मोठी यात्रा, भरली की सोलापुरात पाय ठेवायला जागा नसते. दुकानात गिऱ्हाईक गादीवर मावेना, पायऱ्यांवर बसलेलं. मी मास्क लावून एका टोकाला उलगडून दाखवत होते, दुसऱ्या टोकाला अण्णा झटकत होते. सकाळपासून माझ्या चादरी जात होत्या आणि मी एकदाही शिंकले नव्हते. अण्णा ते बघत होते. दुपारी त्यांनी एक चादर अशी काही जोरात झटकली की सदऱ्याच्या खिशातून काहीतरी उडालं आणि गादीवरून घरंगळत एका बाईच्या गुडघ्याशी येऊन थांबलं. बोटभर प्लास्टिकची बाटली. नाकात टाकायच्या थेंबांची.

बाईंनी ती उचलली. "अण्णा, तुमचं औषध पडलं की."

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "माजं न्हाय. हिचं हाय. फवारा मारत्या, थेंबबी टाकत्या."

गल्ल्यावरून मालक बघत होते. बाईंनी बाटली माझ्या हातात दिली, मी ती मुठीत धरली आणि मला एकदम सगळं कळलं. पडद्यामागच्या फेऱ्या, तीस वर्षांची न आलेली शिंक, घट्ट मन. तो माणूस माझ्याच दुखण्याचा होता. माझ्या दुखण्याचा असून त्याने मला गोदामात टाकलं होतं.

तासाभरात त्यांचा आवाज बसला. तोंड उघडं पडलं. नाकाचा लाल शेंडा आणखी लाल झाला. बाहेर यात्रेने रस्ता बंद, मेडिकलपर्यंत जायची सोय नाही, आणि मालक कुणाला हलू देईनात. मी आत चादरी आणायला गेले तशी ते मागोमाग आले.

"ती बाटली दे की."

"कुठली?"

"उगं नाटक करू नकोस. श्वास घ्यायला येईना मला."

"ती तर माझी आहे. तुम्हीच सांगितलंत. मालकांना सांगा तुमची आहे म्हणून, लगेच देते."

ते दारात उभे राहून तोंडाने श्वास घेत होते. त्यांचे डोळे भरले होते, रागाने की नाकाने ते मला माहीत नाही. मला वाटलं, आता हा माणूस सांगेल. एक वाक्य तर म्हणायचं होतं. ते वळले आणि गादीवर गेले.

पुढच्याच झटक्याला ते शिंकले. मोर हवेत असतानाच. मग परत, मग परत, आतून सगळं सुटल्यासारखे. समोर लग्नाची चादर बघत बसलेलं कुटुंब चादरीवरचा हात काढून मागे सरकलं. मालक गल्ल्यावरून ओरडले, "कोण शिंकलं?"

अण्णांनी रुमालाने नाक दाबलं आणि दुसऱ्या हाताने मला दाखवलं. "हीच."

गादीवरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळे परत चादरी चाचपायला लागले. परगावची माणसं, त्यांना आमच्या भांडणाशी काय देणंघेणं. मालकांनीही पाहिलं होतं. हे मी शपथेवर सांगेन, कारण त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं नाही, माझ्या मास्ककडे बघितलं. हलक्या आवाजात म्हणाले, "सुनंदा, गर्दी आहे. तू आत जा. अण्णांशिवाय आज भागायचं नाही."

मी कमरेला खोचलेली ती बाटली त्या पांढऱ्या गादीच्या मधोमध ठेवली, चप्पल घातली आणि निघून आले. पायऱ्या उतरताना मागे फट्ट असा आवाज झाला नाही, एवढंच मी ऐकलं.

आता मी दुसऱ्या दुकानात आहे. तिथे मोठं टेबल आहे, चादर हाताने उलगडतात, रोज ओल्या फडक्याने पुसतात. विक्री चांगली होते. सकाळी स्प्रे मारते, नाक धुते, आणि अधूनमधून तपासायला मॅडमकडे जाते. मागच्या महिन्यात तशीच गेले होते. धुळीतून आल्यामुळे मास्क तोंडावरच होता. समोरच्या बाकावर बसवंतअण्णा बसले होते. अत्तर नव्हतं. तोंड उघडं, हातात रुमाल, शेजारी गंगूबाई.

नर्सबाई सगळ्यांच्या देखत विचारत होत्या. "थेंब बंद केले का?"

"केले की. एकदाच टाकतो. झोपताना."

"दिवसाबी टाकत्यात," गंगूबाई म्हणाल्या.

"वास येतो का?"

अण्णा रुमालाची घडी घालायला लागले. गंगूबाईच म्हणाल्या, "लई वर्सं झाली, ह्यास्नी कशाचाच वास येत न्हाय."

"मग चवही लागत नसेल नीट. वास गेला की चव जाते."

गंगूबाई पदर सावरून, कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाल्या, "म्हंजे माजी चटणी बरीच हुती म्हणायची."

इथे मला अण्णांची दया आली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. नाही आली. मला त्या बाईंची डबी आठवली, मैंदर्गीच्या आजी आठवल्या, माझी गादी आठवली. ज्याला नाक बंद असण्याचा त्रास इतका ठाऊक होता, त्याने तो दुसऱ्याला जाणूनबुजून दिला, हे मी विसरू शकत नाही.

नर्सबाईंनी माझं नाव पुकारलं. नुसतंच आडनाव, त्यामुळे त्यांना कळलं नसावं. मी उठले, एक पाऊल टाकलं आणि अण्णा शिंकले. मोठ्याने, रुमाल नाकाशी जायच्या आत. सगळा बाक वळून बघायला लागला. अण्णांनी सवयीने हात वर केला आणि माझ्याकडे बघून, गिऱ्हाइकाशी बोलायचे त्या अदबीने म्हणाले, "बाई, जरा बसा. शिंक झाली. मग जावा आत."

मी मास्क खाली ओढला. त्यांनी मला ओळखलं.

"शिंक तुमची आहे, अण्णा," मी म्हटलं. "तुम्ही बसा."

आणि मी आत गेले.